वाढायचं नाही, उठायचं नाही

“बाबा, आईला खायला सगळ्यात जास्त काय आवडतं?”

मी विचारलं खरं, आणि लगेच मान खाली घालून भात कालवायला लागले. डावीकडून सिद्राने मला कोपराने ढोसलं. उजवीकडे गार्गीचा घास तोंडापर्यंत जाऊन तिथेच थांबला. हे चॅलेंज त्या दोघी मैत्रिणींनीच दिलं होतं. सिद्राने तिच्या अब्बांना विचारलं, तर ते बेधडक म्हणाले, “बिर्याणी,” आणि आतून तिची अम्मी ओरडली, “ती तुम्हाला आवडते!” गार्गीच्या बाबांनी “थांब, विचारून सांगतो” म्हणत मोबाइलच उचलला. उरले माझे बाबा. “तू नाही विचारणार, मैथिली. तुझी टरकते,” असं सिद्रा म्हणाली. मग काय, विचारणं भागच होतं.

टरकायची हे खरंच. एक तर बाबांच्या मिश्या. दुसरं म्हणजे जेवताना ते एक शब्द बोलत नसत. आणि तिसरं, ते घरात असण्याची मला सवयच नव्हती. बाबा ग्रीक मालकाच्या मालवाहू बोटीवर चीफ कुक होते. वर्षातला बराचसा काळ समुद्रावर, उरलेला आमच्या हर्णैच्या घरात, तोही पाहुण्यासारखा. आई त्यांना पाट मांडायची, पंखा लावायची, गरम पोळी वाढायची. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात त्यांचं पाऊल दिसलं की म्हणायची, “काय हवंय? तुम्ही बसा.” मग ते बसायचे. त्या वर्षी कंपनीच्या मेडिकलमध्ये त्यांची साखर वाढलेली निघाली, डॉक्टरने अनफिट लिहून दिलं, आणि मोठी निळी सुटकेस घेऊन बाबा कायमचे घरी आले. तरीही बसूनच होते.

“सुरमई,” बाबा म्हणाले.

आत पळी खाली पडल्याचा आवाज आला. मागोमाग आई भाताचं पातेलं घेऊन बाहेर आली, “कुणाला वाढू?” म्हणाली, कुणाच्याही तोंडाकडे न बघता सगळ्यांना वाढलं आणि परत आत गेली.

मला तर उत्तर बरोबरच वाटलं. सुट्टीवर आले की बाबा स्वतः किनाऱ्यावरच्या लिलावाला जायचे, सगळ्यात देखणी सुरमई उचलायचे आणि आईला बजावायचे, “मधले तुकडे तुझ्यासाठी ठेव हां.”

जेवणं झाल्यावर आम्ही तिघी मागच्या अंगणात फिदीफिदी हसत होतो, तेवढ्यात बाबा तिथे आले. 

“कुणाची आयडिया होती ही?”

गार्गी आकाशाकडे बघायला लागली. सिद्रा मात्र शूर. “माझी, काका.”

“छान आहे.” बाबा विहिरीच्या कट्ट्यावर बसले. “मी सुरमई म्हणालो. पण ते बरोबर की चूक, हेच मला माहीत नाही गो.”

“तुम्हाला नाही माहीत?” मी म्हणाले. “तुम्ही तर कुक आहात!”

“म्हणून तर लाज वाटते. बोटीवर कुणाला काय आवडतं ते मला तोंडपाठ. कॅप्टन स्टेलिओसला माकूल व्हिनेगरमध्ये. थर्ड इंजिनियरला भात लागतो, पण मागायला लाजतो. हे कुणी सांगत नाही. परत आलेल्या प्लेटा बघायच्या. काय संपलं, काय बाजूला सारलं, काय नुसतं चिवडलं.” त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. “आईचं ताट मी कधी पाहिलंच नाही.”

मी पटकन म्हणणार होते, “मी पाहिलंय ना!” पण आठवायला लागले, तर मीही नव्हतं पाहिलं. आई आम्हाला वाढायची. आमचं उरकलं की स्वयंपाकघरात ओट्याखाली पाट घेऊन एकटी बसायची. मी तोवर हात धुऊन गायब. तिच्या सोबतीला असायचा फक्त बाळ्या, आमचा बोका. सगळ्या आळीत एवढा जाडा बोका दुसरा नव्हता. शिवाय आईचे उपवास. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी आणि श्रावण तर आख्खा. शेजारच्या नाईककाकू म्हणायच्या, “एवढं देवाचं करणारी सून आमच्या किनाऱ्यावर दुसरी नाही. देशावरची ना, दहिवडीची. तिकडची माणसं भाविक.”

“जूनच्या आधी मला कळायला हवं,” बाबा म्हणाले. “जूनमध्ये तुम्ही जाल.”

ते कधीचं ठरलेलं होतं. माझी दहावी झाली होती. अकरावी-बारावी पुण्यात, चांगल्या कॉलेजात आणि क्लासला. आई माझ्याबरोबर राहणार, म्हणून क्लासजवळची खोलीसुद्धा पाहून ठेवली होती. हे ठरलं तेव्हा बाबा समुद्रावर होते, ते कायमचे परत येतील असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आल्यावर ते एवढंच म्हणाले, “पोरीचं शिक्षण आधी.” मी एकटी राहण्याचा प्रश्न तर नव्हताच. आठवीत पन्हाळ्याला स्काउटचा कॅम्प होता, तिथे दुसऱ्याच दिवशी मी रडून फोन केला होता आणि आई तीन एसट्या बदलून मला घ्यायला आली होती. सिद्रा अजून चिडवते त्यावरून. आता मी बारावीत आहे, तरी चिडवते.

“आईला सरळ विचारा ना, काका,” गार्गी म्हणाली.

“विचारलं तर काय म्हणेल सांगू? ‘मला काय, काहीही चालतं.’”

आम्ही तिघी एका सुरात म्हणालो, “हो!” कारण तिघींच्याही आया हेच म्हणतात.

 बाबा एकदम मांडीवर थाप मारून उठले. “मेझे करू!”

“म्हणजे?”

“ग्रीक लोकांचं असतं. कॅप्टनच्या नावाच्या संताचा दिवस असला की मी करायचो. एक मोठं जेवण नाही, लहान लहान ताटल्या. चटणीएवढं हे, मूठभर ते. सगळं मधे ठेवायचं आणि सगळ्यांनी भोवती बसून हळूहळू खायचं. गप्पा मारायच्या. नियम एकच, कुणी कुणाला वाढायचं नाही आणि मधेच उठायचं नाही.”

“म्हणजे काकूला बसावंच लागेल,” सिद्रा म्हणाली.

“आणि तिच्यापुढची कुठली ताटली रिकामी होते, ते मला दिसेल,” बाबा म्हणाले. मिश्यांखाली ते हसताहेत, हे मला पहिल्यांदाच नीट दिसलं.

संधी शुक्रवारी मिळाली. नाईककाकूंकडे चैत्रातलं हळदीकुंकू होतं. आई जांभळी साडी नेसून बाहेर पडली आणि आम्ही चौघांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं.

काय सांगू तुम्हाला! बाबांनी कमरेला टॉवेल गुंडाळला, सुटकेसमधून वर्तमानपत्रात बांधलेली स्वतःची सुरी काढली आणि कांदा असा कापला की गार्गीने व्हिडिओच काढला. पण मिठाचा डबा सापडेना. सतरा वर्षांच्या संसारात या माणसाला मीठ कुठे असतं ते माहीत नव्हतं! डाळींचे, पिठांचे, पापडांचे सगळे डबे उघडून झाले. शेवटी मीच ओट्याखालची बरणी काढून दिली.

ऑलिव्हचं तेल आम्हाला फक्त मेडिकलच्या दुकानात मिळालं, छोट्याशा बाटलीत, बाळाला मालिश करायचं. दुकानदाराने मला विचारलं, “कुणाकडे पाळणा हलला?” मी म्हणाले, “आमच्याकडे,” आणि बाटली घेऊन पळाले. बाबांनी वास घेतला, जिभेवर थेंब ठेवला आणि म्हणाले, “चालेल. कॅप्टनला सांगू नका.”

वांगं गॅसवर भाजलं, सोललं, सुरीने ठेचलं, त्यात लसूण, लिंबू आणि ते बाळाचं तेल. श्रीखंडाला बांधतात तसं दही बांधून ठेवलं होतं, त्यात काकडी किसून, पाणी पिळून घातली. वाटाण्याची पिवळी डाळ शिजवून घोटली, वर कच्चा कांदा. पनीरचे तुकडे सिद्राने आदल्या दिवसापासून आपल्या घरी मिठाच्या पाण्यात लपवून ठेवले होते, लोणच्याच्या बरणीत. उकडलेली गाबोळी, म्हणजे माशाची अंडी, भिजवलेल्या पावात कुस्करून तिचं लोण्यासारखं मऊ काहीतरी केलं. माकुलाच्या, म्हणजे स्क्विडच्या, चकत्या तळल्या, पिठात घोळवून मांदेली तळली. मासा भरपूर केला. “शेवटी सुरमई म्हणालोय ना मी,” बाबा म्हणाले. “शब्दाला जागायला हवं.”

द्राक्षाच्या पानात भात गुंडाळून एक प्रकार करतात म्हणे. हर्णैला द्राक्षाचा वेल कुठला? सिद्रा म्हणाली, “काका, विहिरीमागे अळू आहे की!” अळूची पानं चांगली मोठी होती. भराभर गुंडाळ्या झाल्या. शिजवताना वरून लिंबू पिळलं.

ऊन उतरलं तशा मैत्रिणी घरी गेल्या. जाताना सिद्रा कानात म्हणाली, “उद्या उत्तर सांग. नाही कळलं तर आमच्यांसारखेच तुझेही बाबा नापास.”

आई आली तेव्हा पडवीत सतरंजी अंथरलेली होती आणि मधे घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या बशा, वाट्या, ताटल्या. ग्लासात सोलकढी. ग्रीक लोक यासोबत बडीशेपेच्या वासाची दारू पितात, पाणी घातलं की ती पांढरी होते, असं बाबांनी सांगितलं होतं. आमची सोलकढी गुलाबी, पण चाललं.

आई दारातच थांबली. हातात ओटीचे हरभरे आणि कैरीची डाळ. “हे काय? कोण आलंय?”

“कुणी नाही. तूच,” बाबा म्हणाले. “बस.”

“बसते, पोळ्या टाकून येते.”

“पाव आहे. भाजलाय.”

“मग ताटं तरी घेऊ द्या.”

“ताटं नाहीत,” मी ओरडले. “वाढायचं नाही, उठायचं नाही! नियम आहे.”

“सगळ्यांनी एकाच बशीत हात घालायचा?” आईने खालच्या आवाजात विचारलं. “उष्टं नाही होणार?”

“होऊ दे,” बाबा म्हणाले.

आई बसली. पण कशी, तर अर्धी मांडी घालून, एक गुडघा वर, हाक आली की उठता येईल अशी. बाबांनी गाबोळी, माकूल आणि मांदेलीच्या बशा हलकेच तिच्यापुढे सरकवल्या. तिने नजर फिरवली आणि अळूच्या गुंडाळ्यांवर ती अडकली.

“अळू का? चिंच घातली होती?”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी बाबांकडे.

“लिंबू पिळलंय,” बाबा म्हणाले.

“लिंबाने भागत नाही त्याचं.” आईने ती बशी उचलून थेट पायरीवर नेऊन ठेवली. “हे कुणी खायचं नाही. घसा खाजून रात्रभर नाचाल. कसला हो कुक तुम्ही?”

आणि ती हसली! बाबासुद्धा हसले, लाजून, एखाद्या पोरासारखे. परत येऊन बसली तेव्हा तिची मांडी पूर्ण होती. नियम मोडला होता, तरी मी तिला टोकलं नाही.

मग आम्ही खाल्लं. बाबा एरवी जेवताना गप्प असणारे, त्या दिवशी बोलत होते. कॅप्टन स्टेलिओस वादळातही आपल्या बशीला हात लावू द्यायचा नाही, बोट कलंडली तर ती छातीशी धरून उभा राहायचा, असं सांगत होते. आई पदर तोंडाला लावून हसत होती. पण मला माहीत होतं, बाबांचे डोळे काम करत होते. मीही बघत होते.

वांगं पहिलं संपलं. मग पिवळी डाळ. आई पावाने बशी पुसत होती, अगदी कडेपर्यंत. “आमच्याकडं असंच करतात,” ती म्हणाली, “भाजलेलं वांगं, वरनं कच्चं तेल, कांदा.” मग दह्याची वाटी तिने आपल्याकडे ओढली. सरळ ओढली! आईने एखादी गोष्ट स्वतःकडे ओढलेली मी जन्मात पाहिली नव्हती. आणि तिच्या अगदी पुढ्यातली गाबोळी? तिच्यावर एक बोट उमटलेलं नव्हतं. माकुलाची एक चकती तिने उचलली होती, ती तशीच बशीच्या कडेला होती.

मांदेली मात्र कमी होत होती. मला वाटलं, चला, मासा आवडतो.

तेवढ्यात बाबा बोलायचे थांबले. ते आईच्या गुडघ्याकडे बघत होते. तिथे, सतरंजीच्या काठावर, रोजच्या जागेवर बसावं तसा बाळ्या बसला होता. आईचा हात बशीकडे गेला, मांदेली उचलली, गुडघ्याखाली गेला आणि रिकामा वर आला. तिचं लक्षही नव्हतं. ती मला म्हणत होती, “सोलकढी घे अजून.” हात आपला आपण चालला होता. सतरा वर्षांचा सराव!

“तू मासे खात नाहीस,” बाबा म्हणाले.

आईचा हात थांबला. “कोण म्हणतं?”

 गुडघ्याखालून बाळ्याचं कुरूम कुरूम.

मला हसू फुटलं, पण बाबा हसत नव्हते, म्हणून मी ते गिळलं. आईने पदराला हात पुसले. बराच वेळ पुसत राहिली.

“लहानपणी कधी पाहिलाच नव्हता मासा. आमच्या दहिवडीला पाण्याचे टँकर यायचे, मासा कुठनं यायचा? लग्न झालं आन् पहिल्या दिवशी पुढ्यात आख्खं पापलेट. डोळ्यासकट.” बोलता बोलता तिची भाषा माहेरची झाली होती. “सांगणार होते तुमाला. पण तुमी बोटीवर गेला. परत आला ते एवढी मोठी सुरमई घेऊन. एवढ्या कौतुकानं म्हणाला, मधले तुकडे तुझे. मग कसं सांगू? ते राहिलंच. पुढं पुढं तर सांगायची लाजच वाटायला लागली.”

“पण इतकी वर्षं तू रोज मासे करतेस!” मी म्हणाले. “आणि तुझ्यासारखं कालवण कुणाला येत नाही!”

“मीठ किती झालं ते वासावर कळतं मला.”

“मग तू खायचीस काय?”

“भाकरी. ठेचा. दही असलं तर दही.”

“आणि ते उपवास?” बाबांनी विचारलं.

आईने खाली बघितलं. ओठ दाबले. “काही देवाचे,” ती म्हणाली. “काही माझे.”

आता मात्र बाबा फुटले. असे हसले, असे हसले, की बाळ्या घाबरून पायरीवर गेला. आई आधी रागावल्यासारखं बघत होती, मग तीही. हसता हसता बाबांनी डोळे पुसले, आणि ते पुसणं हसण्यापेक्षा जास्त वेळ चाललं.

मग त्यांनी माशाच्या तिन्ही बशा तिच्यापुढून उचलल्या आणि उरलेल्या दह्याची वाटी तिथे ठेवली. “नियम मोडला मी,” म्हणाले. “वाढलं. आता सांग. सगळं सांग. काय काय आवडतं?”

“मला काय, काही...”

“आई!”

तर मग ती सांगायला लागली. आधी थांबत थांबत, मग थांबेचना. बाजरीची भाकरी, तव्यावरचीच. हिरव्या मिरचीचा ठेचा, पण दाण्याचं कूट घालून. हुलग्याचं गरम, पातळ माडगं. माठातलं दही. जत्रेतली गोडी शेव. बाबा ऐकत होते, मधे मधे विचारत होते, “हुलगे भिजवायचे की भाजायचे?” आणि आई हात नाचवून सांगत होती. पडवीत अजून उजेड होता. ती दोघं अशी समोरासमोर बसून बोलताना मी कधी बघितली होती? आईच्या केसात हळदीकुंकवाचा गजरा होता. तो सुटून खांद्यावर आला होता आणि तिला पत्ता नव्हता.

“दापोलीच्या बाजारात बाजरी मिळते,” बाबा म्हणाले. “रविवारी आणतो. भाकरी तू शिकव, ठेचा मी करतो. पुढच्या रविवारी माडगं. त्याच्या पुढच्या...”

ते थांबले. मनातल्या मनात पुढे गेले असणार, आणि जूनला जाऊन अडकले असणार, कारण मीही तिथेच अडकले होते. आईने गजरा काढून हातात घेतला.

“खोलीवर गॅसची सोय नाही म्हणे अजून,” ती म्हणाली, उगीचच. “शेगडी न्यावी लागेल.”

“नेऊ की. मी येतो ना पोचवायला.” बाबांनी रिकाम्या बशा एकात एक घालायला सुरुवात केली. आवाज अगदी साधा. “आणि राहिलेलं काय, तुम्ही सुट्टीवर याल तेव्हा करू.”

सुट्टीवर. हा शब्द आमच्या घरात फक्त बाबांसाठी होता. सुट्टीवर येणारे ते. पाट, पंखा, मधले तुकडे. आणि आई म्हणाली, “हो, तेव्हा करू,” आणि तिचा एक गुडघा परत वर आला.

मला पन्हाळ्याचा कॅम्प आठवला. तंबूत दिवा मालवल्यावरची ती पहिली रात्र. मला चहासुद्धा करता येत नव्हता. मी कधी एका रात्रीपुरतीही एकटी झोपले नव्हते. पण थोड्याच दिवसांपूर्वी मी सिद्रासमोर, गार्गीसमोर, त्या मिश्यांसमोर प्रश्न विचारला होता आणि मेले नव्हते.

“थांबा, उठायचं नाही,” मी म्हणाले. “अजून नियम सुरू आहे.”

दोघंही माझ्याकडे बघायला लागली.

“पुण्याला मी एकटी जाणार. हॉस्टेलला.”

“अगं, तुला साधा चहा...” आई म्हणाली.

“बाबा शिकवतील. आणि रडू आलं तरी फोनवर सांगेन, घ्यायला यायचं नाही.” मी आवाज मुद्दाम मोठा केला. “ती खोली नको म्हणून कळवा. आई इथे राहणार. सुट्टीवर मी येणार. आणि मी येईन तेव्हा तुम्ही दोघांनी घरी असायचं.”